ग्रंथालयांत शोध कसा करावा

दरवर्षीं शालान्त परीक्षा उतरून आमचे कांहीं विद्यार्थी ब्राह्मणपुरी व आसपासच्या गांवांतून शहादा, नंदुरबार, धुळें येथील महाविद्यालयांत दाखल होतात. त्यांपैकीं पुष्कळांच्या घराण्यांत महाविद्यालयाचा उंबरठा ओलांडणारे तेच पहिले. सुटींत ते भेटावयास आले म्हणजे वसतिगृह, भोजन, प्राध्यापक यांविषयीं भरभरून बोलतात. परंतु ग्रंथालयाची गोष्ट काढली कीं बहुतेक गप्प बसतात. गतवर्षीं एकानें मात्र संकोच सोडून आपली हकीकत सांगितली. 'माझ्या गांवाचा इतिहास' या विषयावर त्यानें निबंध लिहिला होता, व प्राध्यापकांनीं तो तांबड्या शाईच्या दोन खुणा करून परत केला होता. एक खूण 'नंदुरबार जिल्ह्यानें १९४२ च्या चळवळींत भाग घेतला' या वाक्यापुढें होती. दुसरी एका संबंध पानाला होती, कारण तें पान कोठून तरी अक्षरशः उतरलेलें होतें. या दोन खुणांच्या निमित्तानें चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटलें.

पहिली चूक वरवर क्षुल्लक दिसते. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं नंदुरबार शहरांत बालवीर शिरीषकुमार व त्याचे सोबती गोळीबारांत हुतात्मे झाले, हें खरेंच आहे. परंतु त्या वेळीं नंदुरबार नांवाचा जिल्हाच नव्हता. पूर्वीं सर्व मुलूख मिळून एक खानदेश जिल्हा होता. १९०६ सालीं त्याचे पूर्व व पश्चिम असे दोन भाग झाले. महाराष्ट्र राज्य झाल्यावर पश्चिम खानदेशास धुळें जिल्हा म्हणूं लागले. आणि १ जुलै १९९८ रोजीं त्यांतून नंदुरबार जिल्हा निराळा निघाला. म्हणजे आपलें गांव जागचें हाललें नाहीं, पण त्याचा पत्ता तीनदां बदलला! हें ज्यास ठाऊक नाहीं तो ग्रंथालयांत 'नंदुरबार जिल्हा' हें एकच नांव शोधीत बसतो आणि 'कांहीं मिळालें नाहीं' म्हणून रित्या हातानें परततो. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८० सालीं निघालेला बारावा खंड 'खानदेश' याच नांवाचा आहे. शिवाय इंग्रजी ग्रंथांत धुळ्यास 'धुलिया' आणि खानदेशास कोठें 'कँडेश' असेंही लिहिलेलें आढळतें. तेव्हां शोधास निघण्यापूर्वीं आपल्या विषयाचीं जुनीं-नवीं सर्व नांवें कागदावर मांडून घ्यावीं.

मग कपाटांकडे धांव न घेतां आधीं संदर्भ-विभागांत जावें. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखालीं १९७६ पासून निघूं लागलेला मराठी विश्वकोश तेथें असतो (तो आतां महाजालावरही विनामूल्य वाचावयास मिळतो). डॉक्टर केतकरांचा ज्ञानकोश जुना झाला खरा, पण त्या काळचे लोक एखाद्या विषयाकडे कसे पाहत हें जाणण्यास तो अद्यापि उपयोगी पडतो. जुन्या शब्दाचा अर्थ अडला तर मोल्सवर्थसाहेबांचा कोश, शक्य तर १८५७ ची दुसरी आवृत्ति, पाहावी. १९३७ पर्यंत मराठींत कोणते ग्रंथ छापले गेले हें पाहावयाचें तर शंकर गणेश दाते यांची ग्रंथसूचि आहे. अशा ग्रंथांतून विषयाची रूपरेषा आणि पुढील पुस्तकांचीं नांवें हातीं आलीं म्हणजे तालिका पाहावी. पुस्तकाच्या पाठीवरील आंकडे बहुधा ड्यूई या अमेरिकन ग्रंथपालानें १८७६ सालीं काढलेल्या पद्धतीचे असतात. ९५४ म्हणजे हिंदुस्थानचा इतिहास, ८९१.४६ म्हणजे मराठी वाङ्मय. आपलें पुस्तक सांपडलें कीं त्याच्या उजव्या-डाव्या बाजूंचीं पुस्तकेंही चाळावीं. शेजारधर्म तेथेंही चालतो.

येवढें करूनही अडलें तर ग्रंथपालांस विचारावें. आम्ही स्वतः महाविद्यालयांत असतांना पहिली सहामाही केवळ भीतीनें त्यांच्या मेजाकडे फिरकलों नाहीं, आणि जें दहा मिनिटांत मिळालें असतें तें शोधण्यांत दिवस घालविले. डॉक्टर रंगनाथन यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचे जे पांच नियम मांडले, त्यांत वाचकाचा वेळ वांचविणें हा एक नियमच आहे. आपण विचारल्यानें त्यांस त्रास होत नाहीं. त्यासाठींच ते तेथें बसलेले असतात.

पुस्तक मिळालें म्हणजे सत्य मिळालें असें मात्र नव्हे. शिवाजी महाराजांचें जन्मवर्ष पाहा. कांहीं पुस्तकांत १६२७, कांहींत १६३०. आमचे विद्यार्थी अशा वेळीं डोकीं मोजतात: पांच पुस्तकें एकीकडे, तीन दुसरीकडे, म्हणून पांचांचें खरें. परंतु पांचही ग्रंथकारांनीं एकाच बखरीवरून लिहिलें असेल तर साक्षीदार पांच नव्हेत, एकच. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं जेधे शकावली प्रसिद्ध केली. तींत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ ही तिथि निघाली. पुढें महाराजांच्या काळींच रचलेल्या शिवभारत काव्यांतही तीच आढळली. २००१ सालीं शासनानेंही १९ फेब्रुवारी १६३० हा दिनांक मान्य केला. येथें निर्णय झाला तो घटनेच्या अधिक जवळच्या कागदांमुळें. म्हणून प्रत्येक लेखकास मनांतल्या मनांत विचारावें, 'कशावरून?' बिरुया येथील मंडळी तर प्रत्यक्ष पौलाचें बोलणेंही रोज शास्त्र उघडून ताडून पाहत असत. आणि त्याबद्दल प्रेषितांच्या कृत्यांत त्यांची स्तुतीच केली आहे.

मोबाइलवर मिळणाऱ्या मजकुरासही हाच प्रश्न लागू आहे. कोणी लिहिलें, केव्हां, कोणत्या आधारानें, हें जेथें नाहीं तें पान सुगावा म्हणून वापरावें, पुरावा म्हणून नव्हे. हल्लींचीं बोलकीं यंत्रें तर कधीं कधीं अस्तित्वांतच नसलेल्या ग्रंथांचीं नांवें मोठ्या ऐटींत सांगतात. ग्रंथ डोळ्यांनीं पाहिल्यावांचून त्याचें नांव निबंधांत घालूं नये.

आतां दुसरी खूण. या बाबतींत त्या विद्यार्थ्याहून आमचा दोष अधिक आहे, हें कबूल केलें पाहिजे. शाळेंत गाईडांतील उत्तर जसेंच्या तसें उतरणाऱ्या मुलास आम्ही शिक्षकच पैकीच्या पैकी गुण देतों. आणि तोच मुलगा महाविद्यालयांत तेंच करूं लागला कीं त्यास चोर ठरवितात. त्यानें काय समजावें? उपाय सोपा आहे, पण संवय लावून घ्यावी लागते. टिपण करितांना प्रथम ग्रंथकार, ग्रंथ, प्रकाशनवर्ष व पृष्ठ लिहावें. मग उतारा वाचून पुस्तक मिटावें व समजलें तें आपल्या शब्दांत लिहावें. लेखकाचे शब्दच हवे असतील तर ते अवतरणचिन्हांत घालावे. दोन्ही प्रकारांत, ही गोष्ट आपण कोणाकडून घेतली तें सांगावें. पृष्ठांक त्याच वेळीं न लिहिल्यास आदल्या रात्रीं किती धांवपळ होते, तें आम्ही अनुभवानें जाणतों.

गांवाच्या इतिहासाचे खरे कागद मात्र बहुधा छापलेले नसतात. इतिहासाचार्य राजवाडे गांवोगांव हिंडून जुनीं दप्तरें गोळा करीत. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं ते धुळ्यासच वारले, आणि त्यांच्या नांवाचें संशोधन मंडळ धुळ्यांत आहे. तें आपल्या विद्यार्थ्यांनीं एकदां तरी पाहावें. त्याखेरीज तलाठ्याचें दप्तर, शाळेचें जनरल रजिस्टर, मंडळीचें बाप्तिस्म्याचें पुस्तक हींही साधनेंच होत.

त्या विद्यार्थ्यानें निबंध पुन्हा लिहिला. त्यासाठीं तो गांवच्या प्राथमिक शाळेंत गेला असतां मुख्याध्यापकांनीं त्यास एक जीर्ण रजिस्टर काढून दाखविलें. तिसरीपर्यंत शिकलेल्या त्याच्या आजोबांचें नांव तेथें होतें, आणि पुढील रकान्यांत वळणदार मोडक्या शाईनें लिहिलें होतें: जिल्हा पश्चिम खानदेश. तें पान त्यानें निबंधांत पृष्ठांकासह नोंदविलें आहे.