दुसऱ्याचे मन समजणे आणि कामाची जागा : दिल्लीतील मानसिक आरोग्यसेवेच्या संदर्भात

‘मनाचा सिद्धांत’ ही संकल्पना तुम्ही बालविकासाच्या पाठात वाचली असेल. प्रिमॅक आणि वुड्रफ यांनी 1978 साली चिंपांझींविषयीच्या लेखात हा शब्दप्रयोग केला. 1983 मध्ये विमर आणि पर्नर यांनी मुलांसाठी एक कसोटी मांडली. मुलगा चॉकलेट एका कपाटात ठेवून बाहेर जातो, आई ते दुसऱ्या कपाटात हलवते. परत आल्यावर मुलगा ते कुठे शोधेल? चार-पाच वर्षांची बहुतेक मुले सांगतात, ‘पहिल्याच कपाटात’. आपल्याला माहीत आहे ते त्याला माहीत नाही, हे त्यांना कळलेले असते.

पाठ इथे संपतो आणि आपला एक गैरसमज होतो. सायकल चालवण्यासारखी ही क्षमता एकदा आली की आली, असे आपण धरून चालतो. मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, मनोरुग्णालयातील परिचारिका किंवा समुपदेशक यांच्यात तर ती ठासून भरलेली असणार असे वाटते. पण ही क्षमता कामाच्या जागेनुसार कमीजास्त होते, हे या पाठात पाहू.

घाई काय करते

दुसऱ्याच्या मनाचा अंदाज आपण दोन टप्प्यांत बांधतो. पहिला टप्पा आपोआप घडतो : माझ्या जागेवरून मला जे दिसते तेच त्यालाही दिसत असेल असे आपण धरतो. दुसऱ्या टप्प्यात त्या अंदाजाला मुरड घालतो, आणि त्याला श्रम लागतात. एप्ली, केसर आणि सहकाऱ्यांनी 2004 मध्ये दाखवले की वेळेचा दबाव आला की ही दुरुस्ती अर्धवट राहते व माणूस स्वतःच्याच दृष्टिकोनाजवळ थांबतो. लक्ष दुसरीकडे गुंतले असेल तरीही तेच होते.

डार्ली आणि बॅटसन यांचा 1973 चा प्रयोग प्रसिद्ध आहे. धर्मोपदेशक होण्याचे शिक्षण घेणारे विद्यार्थी एका इमारतीतून दुसरीकडे जात असताना वाटेत एक माणूस विव्हळत बसलेला असतो. घाई नसलेल्यांपैकी 63 टक्के विद्यार्थी मदतीला थांबले, खूप घाईत असलेल्यांपैकी फक्त 10 टक्के. काही जण तर परोपकाराच्या कथेवरच भाषण द्यायला निघाले होते! त्यांचा स्वभाव वेगळा नव्हता, घड्याळ वेगळे होते.

आता हे दिल्लीच्या बाह्यरुग्ण विभागात ठेवून पाहा. दिलशाद गार्डनमधील मानवी वर्तन व संबद्ध विज्ञान संस्था ‘इहबास’ या नावाने ओळखली जाते. 1966 साली शाहदरा येथे सुरू झालेल्या मनोरुग्णालयाचे हे पुढचे रूप. त्या रुग्णालयाच्या दुरवस्थेचा प्रश्न जनहित याचिकेतून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि न्यायालयाच्या निर्देशांनंतर 1993 मध्ये ही स्वायत्त संस्था उभी राहिली. दिल्लीइतकेच उत्तर प्रदेश व हरियाणातले रुग्णही राजधानीतील अशा संस्थांकडे येतात. देशात एक लाख लोकांमागे मनोविकारतज्ज्ञ सुमारे 0.75, आणि 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार उपचारांतील तूट विकारागणिक 70 ते 92 टक्के. हे आकडे एकत्र वाचले की रांगेचे कारण कळते.

हिशेब करून पाहा. चार तासांत साठ रुग्ण तपासायचे, तर प्रत्येकाला चार मिनिटे. त्यात जुना कागद वाचणे, सोबत आलेल्या भावाचे ऐकणे आणि औषध लिहिणे आले. पश्चिम उत्तर प्रदेशातली एखादी बाई ‘जी घबराता है’ म्हणते, तेव्हा ती चिंता, हृदयाची धडधड, सासरचा त्रास की हे सगळेच सांगते आहे, हे विचारायला पाचवे मिनिट लागते. दिल्लीत शिकणारा आपला मराठी विद्यार्थी ‘कसंतरी होतंय’ हे हिंदीत सांगू लागला तर त्याचीही हीच पंचाईत. (या ‘कसंतरी’ला हिंदीत नेमका शब्द सापडला तर जरूर कळवा.) घाईत असलेला तज्ज्ञ आपल्याला परिचित अर्थ उचलतो. हाच तो अर्धवट राहिलेला दुसरा टप्पा.

थकवा काय करतो

घाई त्या क्षणापुरती असते, थकवा साचत जातो. मॅसलॅक आणि जॅक्सन यांनी 1981 मध्ये बर्नआऊट मोजण्याची प्रश्नावली दिली. तिचे तीन घटक आहेत : भावनिक दमणूक, समोरच्याकडे व्यक्ती म्हणून न पाहणे, आणि आपल्या हातून काही होत नाही ही भावना. आपल्या विषयासाठी दुसरा घटक सर्वांत महत्त्वाचा. ‘बेड नंबर सात’, ‘ती नाटकी केस’ असे शब्द वॉर्डात रुळू लागतात. याला केवळ उद्धटपणा म्हणून सोडून देता येत नाही. दमलेले मन स्वतःला वाचवण्यासाठी समोरच्याला मन असल्याचे विसरते. परीक्षेत हा घटक ‘कामाचा कंटाळा’ असा लिहिणारे विद्यार्थी नेहमी भेटतात. तसे लिहू नका.

काम जास्त असणे हे एकच कारण नाही. कारासेक यांच्या 1979 च्या मांडणीनुसार मागण्या जास्त आणि स्वतःच्या हाती नियंत्रण कमी, ही जोडी सर्वांत घातक. निवासी डॉक्टर नेमका इथे सापडतो. केंद्र सरकारच्या 1992 च्या निवासी डॉक्टर योजनेत आठवड्याला साधारण 48 तास आणि सलग 12 तासांची मर्यादा होती. 2024 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने 74 तासांची कमाल मर्यादा सुचवली. बत्तीस वर्षांनी सुचवलेला आकडा आधीच्यापेक्षा मोठा निघतो, यावरून प्रत्यक्षातल्या तासांची कल्पना यावी.

गुरुग्राम-नोएडाच्या कंपन्यांत नेमलेल्या समुपदेशकाची अडचण वेगळी आहे. पगार कंपनी देते आणि समोर तिचाच कर्मचारी बसलेला असतो. तो गप्प राहिला तर ती गप्पता आजाराची की भीतीची? दूरध्वनीवर काम करणाऱ्यांना तर अनेकदा चेहराही दिसत नाही. 2022 मध्ये सुरू झालेल्या ‘टेली-मानस’ सेवेच्या 14416 क्रमांकावर मुख्यतः आवाजावरून अंदाज बांधावा लागतो.

कायद्याच्या दृष्टीने

चूक झाली तर बिघडते काय? मानसिक आरोग्यसेवा कायदा, 2017 च्या कलम 4 नुसार उपचारांचा निर्णय घेण्याची रुग्णाची क्षमता तपासावी लागते. निर्णय इतरांना अयोग्य वाटतो एवढ्यावरून रुग्णाला क्षमता नाही असे ठरवता येत नाही, हेही तिथे स्पष्ट आहे. म्हणजे ‘मी असे केले नसते’ आणि ‘याला समजत नाही’ यांतला फरक तज्ज्ञाने ओळखायचा. चॉकलेटच्या कसोटीतलाच हा प्रश्न, फक्त इथे चुकीच्या उत्तराने माणसाला इच्छेविरुद्ध दाखल केले जाऊ शकते. असे मूल्यांकन सलग पाळीच्या शेवटच्या तासात होत असेल, तर पाळीची वेळ हा रुग्णाच्या हक्काचाही प्रश्न ठरतो.

उपाय म्हणून बहुधा तज्ज्ञांनाच ध्यान, योग, ताण-व्यवस्थापनाची कार्यशाळा सुचवली जाते. त्याचा थोडा उपयोग होतो, पण साठ रुग्णांची रांग तशीच राहते. अनुभवी वरिष्ठासोबत नियमित केसचर्चा अधिक थेट काम करते. मायकेल बालिंट यांनी 1950 च्या दशकात लंडनमध्ये डॉक्टरांचे असे गट चालवले. त्यांत रुग्णाच्या निदानापेक्षा ‘या रुग्णाचा मला राग का येतो’ यावर बोलणे होई. त्यासाठी ड्यूटीच्या तक्त्यात तास राखून ठेवावा लागतो, आणि सर्वांत आधी काटला जातो तो हाच तास.

प्रकल्प करणाऱ्यांसाठी : बर्नआऊटची प्रश्नावली आणि ‘डोळ्यांवरून मन वाचण्याची’ कसोटी एकाच दिवशी घेऊन सहसंबंध काढला, तरी थकव्यामुळे आकलन घटले की आकलन कमी असल्याने थकवा आला, हे कळत नाही. तीच कसोटी पाळीच्या आरंभी आणि अखेरीस घेतली तर थोडे अधिक कळेल. शिवाय 2001 च्या सुधारित कसोटीत 36 छायाचित्रांत फक्त डोळे दिसतात आणि उत्तर द्यायला पुरेसा वेळ असतो. बाह्यरुग्ण विभागात पूर्ण माणूस समोर असतो आणि त्याच्यामागे पुढचा रुग्ण दारात उभा असतो. निष्कर्ष लिहिताना हा फरक नोंदवा.