चक्कर आली की आधी स्कॅन?

पलंगावर कूस बदलताच छत गरगर फिरू लागले की माणूस हादरतो. मेंदूत काही बिघडले असेल या धास्तीने घरचे लोक एमआरआयची चौकशी करतात, कुणी मानेचा एक्स-रे काढून घेतो. एक्स-रेत मणक्यांची झीज दिसतेच, कारण उतारवयात ती बहुतेकांना असते, आणि चक्कर येण्याचे खापर मानेवर फुटते. प्रत्यक्षात कूस बदलताना क्षणभर येणाऱ्या चक्करचे मूळ बहुतेकदा आतल्या कानात असते. तिथले कॅल्शियमचे सूक्ष्म कण जागा सोडून तोल सांभाळणाऱ्या अर्धवर्तुळाकार नलिकेत शिरतात. नेहमीच्या एमआरआयत किंवा सीटीत ते दिसत नाहीत. त्यांचा पत्ता लागतो तो तपासणीच्या टेबलावर. डॉक्टर रुग्णाचे डोके ४५ अंश वळवून त्याला झटकन उताणे झोपवतात, डोके कडेबाहेर किंचित खाली ठेवतात आणि डोळ्यांकडे पाहत राहतात. काही सेकंदांत बुबुळे झटके देत फिरू लागली की निदान झाले. डिक्स आणि हॉलपाइक यांनी १९५२ मध्ये मांडलेल्या या चाचणीला यंत्र लागत नाही. पुढे त्याच टेबलावर डोके टप्प्याटप्प्याने फिरवून कण नलिकेबाहेर काढता येतात. अनेकांना एकाच बैठकीत आराम पडतो.

म्हणून स्कॅन निरुपयोगी ठरत नाही. तपासणीतून नेमका प्रश्न उभा राहिला, की त्याचे उत्तर स्कॅनच देऊ शकतो. एकाच कानाने कमी ऐकू येत असेल, तर तोलाच्या नसेवरची काही मिलिमीटरची गाठही एमआरआय दाखवतो. जन्मतः बहिऱ्या मुलाला कॉक्लियर इम्प्लांट बसवण्याआधी ऐकण्याची नस मुळात आहे का, हेही त्यातच कळते. हाडाचे काम सीटीचे. मोठ्या आवाजाने चक्कर येते, स्वतःचे डोळे फिरल्याचा आवाज कानात येतो, असे सांगणाऱ्याला लोक मनोरुग्ण समजतील. पण १९९८ मध्ये अमेरिकेत लॉइड मायनर आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की आतल्या कानातील वरच्या अर्धवर्तुळाकार नलिकेवरील हाडाला भोक पडले तर असे त्रास होतात. बारीक छेदांच्या सीटीत ते भोक दिसते. मात्र नुसते पातळ असलेले हाडही कधी भोकासारखे दिसते, त्यामुळे रुग्णाची तक्रार जुळल्याशिवाय त्या चित्राला अर्थ नाही.

‘पण पक्षाघात असेल तर? स्कॅन केला की शंका तरी फिटते,’ हा आक्षेप गंभीर आहे. तासन्‌तास न थांबणारी चक्कर मेंदूच्या मागच्या भागातील पक्षाघाताची असू शकते. रक्तस्राव सीटीत दिसतो, पण तिथला अडलेला रक्तपुरवठा सुरुवातीला बऱ्याचदा निसटतो. एमआरआयही पहिल्या दोन दिवसांत चुकू शकतो. अशा १०१ रुग्णांच्या २००९ मधील अभ्यासात डोळ्यांच्या तीन साध्या चाचण्यांनी लवकर केलेल्या एमआरआयपेक्षा जास्त पक्षाघात ओळखले. मात्र त्या चाचण्या करणारे तज्ज्ञ मुरलेले होते. म्हणजे ‘नॉर्मल’ रिपोर्ट हाती आला तरी डोळे आणि चाल तपासायची राहिली असेल, तर शंका फिटलेली नसते.

चक्करबरोबर बोलणे अडखळले, एकाचे दोन दिसू लागले किंवा आधाराशिवाय उभे राहता येईना, तर ताबडतोब रुग्णालय गाठा. एका कानाने अचानक ऐकू येईनासे झाले, तर एक-दोन दिवसांत कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. त्यावरचे उपचार लवकर सुरू झाले तरच जास्त उपयोगी पडतात. आणि स्कॅनची चिठ्ठी हाती पडली, की डॉक्टरांना अवश्य विचारा: यात तुम्ही नेमके काय शोधणार आहात?