डब्यातली तारली

पावसाच्या पहिल्या सरींनी मुळशीतल्या कोळवण खोऱ्यातले ओढे वाहते झाले की चार दिवस चढणीच्या माशांचे असतात. पुढे पावसाळाभर भिस्त सुकटीवर, सुक्या बोंबलांवर, फार तर खाऱ्या बांगड्यावर. समुद्र घाटाखाली, त्यात जून-जुलैत मासेमारी बंद. सुकटीला नावं ठेवायचं कारण नाही, पण मुळशीच्या पावसात ती सादळते, मग बुरशी धरते. अशा घरात पुण्याच्या दुकानातून आणलेले माशाचे दोन डबे असावेत. वीज दोन दिवस गेली तरी त्यांचं काही बिघडत नाही.

याचं कारण मिठात किंवा तेलात नाही. मासा भरून, झाकण हवाबंद करून, तो बंद डबाच दाबाखालच्या वाफेत साधारण १२१ अंशांवर शिजवतात. काम कुकरचंच, फक्त जास्त कडक. क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या घातक जंतूचे बीजाणू नुसत्या उकळीला दाद देत नाहीत, म्हणून एवढा ताप. निकोला अपेर या फ्रेंच मिठाईवाल्यानं हवाबंद बाटलीत अन्न तापवून टिकवण्याची युक्ती १८१० मध्ये छापून सांगितली. अन्न का टिकतं, हे त्यालाही ठाऊक नव्हतं. जंतूंचा उलगडा पाश्चरनं पुढे अर्धशतकानं केला.

विकत घेताना बहुतेकांचा हात ट्यूनाकडे, म्हणजे आपल्या कुप्याकडे जातो. माझं मत तारलीला. प्रथिनं दोन्हींत शंभर ग्रॅमला वीस-पंचवीस ग्रॅम, पण तारलीचे काटे डब्यात इतके मऊ होतात की सगट खाता येतात, आणि त्यातून साडेतीनशे मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम मिळतं. ट्यूनात ते नाममात्र. शिवाय बी-१२, ड जीवनसत्त्व आणि ओमेगा-३ तारलीत भरपूर. मोठ्या माशात पारा जास्त साठतो, तेव्हा गरोदर बाईसाठी तर तारलीच बरी. रक्तदाब असेल तर मिठाच्या पाण्यातला मासा निथळून धुवून घ्यावा. युरिक ॲसिडचा त्रास असणाऱ्यांनी तारलीवर ताव मारू नये.

डबा कोरड्या फडताळात ठेवावा, ओल आलेल्या भिंतीला टेकवून नाही. गंज आरपार गेला की हवाबंदपणा संपला. फुगलेला, गळणारा, शिवणीवर चेपलेला किंवा उघडताना फसकन फवारा उडवणारा डबा चाखूनही बघू नये. बोट्युलिनमच्या विषाला वास असतोच असं नाही.

डबा फोडला की मात्र तो ताज्या माशाइतकाच नाशवंत. उरलेला मासा काचेच्या किंवा स्टीलच्या झाकणाच्या भांड्यात काढून लगेच फ्रिजमध्ये ठेवावा आणि तीन-चार दिवसांत संपवावा. फ्रिज बंद पडला असेल तर त्याच जेवणात. बाहेर राहिलेल्या बांगड्यात, ट्यूनात हिस्टामिन तयार होतं. अंगावर गांधी उठतात, तोंड लाल होतं, आणि पुन्हा उकळून ते जात नाही.

मासा आधीच शिजलेला असल्यानं रटरटवायचा नाही. कांदा, लसूण, हिरवी मिरची परतून, आमसुलाचं पाणी घालून, रस्सा उकळल्यावर तारली अलगद सोडायची आणि दोन मिनिटांत गॅस बंद. डब्यातलं तेल ओतून देऊ नये, माशाचं थोडं ओमेगा-३ त्यात उतरलेलं असतं. ते तेल वरून घालावं. सोबत इंद्रायणीचा भात. ट्यूना मात्र कच्चा कांदा घालून, लिंबू पिळून भाकरीबरोबरच चांगला लागतो.