शेराचे दोन मिसरे

कवितेच्या माणसानं बॅडमिंटनवर बोलावं, याचं श्रोत्यांना नवल वाटेल. पण दुहेरीचा सामना पाहताना मला गझलेतला शेर आठवतो. मिसरे दोन, पहिल्यानं उचललेली गोष्ट दुसऱ्यानं पुरी करायची. जपानच्या आयाका ताकाहाशीची कारकीर्द सांगायची, तर मिसाकी मात्सुतोमोचं नाव घेतल्यावाचून पुढे जाताच येत नाही.

आयाकाचा जन्म १९९०चा, नारा प्रांतातला. खेळासाठी ती घरापासून दूर, सेंदाईच्या शाळेत गेली. तिथं तिची गाठ एक इयत्ता मागे असलेल्या मिसाकीशी पडली. शाळेत जमलेली ही जोडी पुढे निहोन युनिसिस या कंपनीच्या संघातही कायम राहिली. आपल्याकडे रेल्वे खेळाडूंना नोकरी देते, तशी तिकडे कंपन्यांच्या संघांची जुनी रीत आहे.

दोघींनी कामं वाटून घेतली होती. आयाका मागे उभी राहून जोरकस स्मॅश मारायची. त्या माऱ्यापुढे प्रतिस्पर्ध्यांकडून कसंबसं परत आलेलं फूल मिसाकी जाळ्यापाशी टिपायची. गुण मिसाकीच्या रॅकेटवर मिळालेला दिसे. पण त्याआधीचे चार-पाच फटके आयाकाचे असत. हल्ला करताना एक पुढे, एक मागे. बचाव करताना दोघी शेजारी-शेजारी. ही जागांची अदलाबदल न बोलता, क्षणार्धात व्हावी लागते. त्यासाठी वर्षानुवर्षांची सोबत लागते.

ऑक्टोबर २०१४मध्ये ही जोडी जगात पहिल्या क्रमांकावर पोहोचली. मार्च २०१६मध्ये त्यांनी ऑल इंग्लंड जिंकली. मग आलं रिओ ऑलिंपिक. साखळीत आपल्या ज्वाला गुट्टा आणि अश्विनी पोनप्पा यांनाही त्यांनी हरवलं.

१८ ऑगस्ट २०१६ हा दिवस आपल्याला आठवतो तो पी. व्ही. सिंधूमुळे. तिनं त्या दिवशी जपानच्या नोझोमी ओकुहाराला हरवून अंतिम फेरी गाठली. त्याच दिवशी महिला दुहेरीचा अंतिम सामना झाला. समोर डेन्मार्कच्या क्रिस्तिना पेडरसन आणि कामिला रिटर यूल. पहिला गेम जपाननं १८-२१ असा गमावला, दुसरा २१-९ असा घेतला. तिसऱ्यात डेन्मार्क १९-१६ असं पुढे. आणखी दोन गुण मिळाले असते, तर सुवर्ण त्यांचं होतं. पण पुढचे पाचही गुण जपाननं घेतले. २१-१९! बॅडमिंटनमधलं जपानचं ते पहिलं ऑलिंपिक सुवर्ण.

या यशानं जपानमध्ये दुहेरीची रांगच लागली. फुकुशिमा-हिरोता आणि मात्सुमोतो-नागाहारा या जोड्या पुढे आल्या. मात्सुमोतो-नागाहारा २०१८ आणि २०१९ अशा दोन्ही वर्षी जगज्जेत्या झाल्या. ऑलिंपिकमध्ये एका देशाच्या फार तर दोनच जोड्या खेळू शकतात. घरच्या मैदानावरच्या टोकियो स्पर्धेसाठी सुवर्णविजेत्या जोडीलाच जागा मिळेना, अशी वेळ आली. त्यातच महासाथीमुळे स्पर्धा २०२१वर ढकलली गेली. आणखी एक वर्ष पूर्ण जोर लावून खेळता येईल, असं आयाकाला वाटेना. ऑगस्ट २०२०मध्ये, तिशीत, तिनं थांबत असल्याचं जाहीर केलं.

एकेरीत खेळाडू थांबतो, तेव्हा आपल्यापुरता थांबतो. दुहेरीत मात्र आपल्या निर्णयानं जोडीदाराचाही खेळ मोडतो. आयाकापुढचा खरा पेच हाच असणार, असं मला वाटतं. अर्ध्या मनानं मागे उभं राहिलं, तर पुढे जाळ्यापाशी उभ्या असलेल्या मैत्रिणीची फसगत होणार. तिनं खरं सांगितलं आणि रॅकेट खाली ठेवली. मिसाकी मिश्र दुहेरीकडे वळली, युकी कानेकोबरोबर खेळू लागली.

एक मिसरा सुटला, की शेर अपुरा राहतो. पण ओढूनताणून जुळवलेल्या मिसऱ्यापेक्षा ते बरं, हे आम्हा कवींनाही फार उशिरा कळतं. आयाकाला ते तिसाव्या वर्षी कळलं.