जुन्या आंब्यावरील वाढी : नाव आणि निदान

धाराशिव जिल्ह्यात शेताच्या बांधावर उभा असलेला एखादा जुना गावरान आंबा पाहिला, तर त्याच्या अंगावर काही ना काही वाढलेले आढळते. 'झाडाला रोग लागला' असे म्हटले जाते आणि पुष्कळदा तेवढ्यावरच कुऱ्हाड चालते. या वाढींच्या नावांचा विचार प्रस्तुत टिपणात करावयाचा आहे. कारण नावाने दिशाभूल केली की निदान चुकते.

अमरकोशाच्या वनौषधिवर्गात बांडगुळाला 'वृक्षरुहा' व 'वृक्षादनी' अशी दोन नावे दिली आहेत. पहिले 'झाडावर वाढणारी' एवढेच सांगते. दुसरे 'झाड खाणारी' असा आरोप करते. एक स्थानवाचक, तर दुसरे कारणवाचक. हा भेद रोगपरीक्षेतही मोलाचा आहे. जे झाडावर वाढते, ते झाडाला खातेच असे नाही.

सालीवरील करड्या-हिरवट पापुद्र्यांचे उदाहरण घेऊ. काळ्या मसाल्यात पडणारे दगडफूल याच वर्गातले. बुरशी आणि शैवाल यांचे ते सहजीवन होय, हे श्वेंडेनर या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने १८६७ साली मांडले. दगडफुलाचे नावच त्याची साक्ष देते : ज्याच्या जातीला उघडा दगड पुरतो, त्याला आंब्याच्या रसाची गरज नसते. झाडाचा विस्तार विरळ झाला की फांद्यांवर ऊन पडते व हे पापुद्रे वाढतात. ते ऱ्हासाचे लक्षण असू शकतात, कारण नव्हेत.

बांडगुळाची गोष्ट निराळी. मराठीत हा शब्द दुसऱ्याच्या जिवावर जगणाऱ्या माणसाला लावतात. वस्तुतः बांडगुळाची पाने हिरवी असून ते आपले अन्न स्वतः तयार करते; फांदीत शिरलेल्या चूषकमुळांनी घेते ते मुख्यतः पाणी व क्षार. तथापि ते निरुपद्रवी नव्हे. त्याच्या पलीकडचा शेंडा वाळत जातो. फुलटोच्या पक्षी त्याचे चिकट बी फांद्यांवर पुसतो. नुसते बांडगूळ ओरबाडल्यास आतील मुळांतून ते पुन्हा फुटते. म्हणून फळे येण्यापूर्वीच, जोडाच्या बरेच खालून फांदी छाटावी. याउलट मंगल नाव धारण करणारी अमरवेल जवळजवळ सर्वस्वी परपोषी आहे.

तिसरा प्रकार झाडाच्या स्वतःच्या देहाचा. मोहोराचा किंवा कोवळ्या पानांचा घट्ट गुच्छ होतो, तो फ्युजेरियम बुरशीमुळे. तेथे 'वर' काही वाढलेले नसते. विकृती आतली असते. असा गुच्छ खालच्या निरोगी भागासह कापून जाळावा.

आणि सर्वांत घातक शत्रूची वाढ दिसतच नाही. भिरूड किडीची अळी खोड आतून पोखरते. छिद्राशी पडलेला भुसा हीच तिची खूण. म्हणून परीक्षा बुंध्यापासून आरंभावी. दगडफुलाला दोष देऊन खरवडीत बसल्यास भिरुडाला आणखी एक हंगाम मिळतो, आणि पिढ्यांनी राखलेले झाड चुकीच्या नावापायी जाते.