बिनआरशाचे दोन कॅमेरे आणि माजघरातले गाणे

आपल्याकडच्या जुन्या मराठी घरांतून बैठकीच्या भिंतीवर एक तरी फोटो असा असतो, की ज्यात पंधरा-वीस माणसे पगड्या घालून दोन रांगांत बसलेली असतात आणि त्यांतले एकही हसत नसते. माधव नगरातल्या आमच्या घरीही तसा एक आहे. मागच्या रांगेत डावीकडून चौथे आमचे वडील. दरबारात गायला लागून त्यांना तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. पुढे १९४८ मध्ये ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झाले आणि ती चाकरी संपली. त्यानंतर ते उज्जैनीत शिकवण्या करीत राहिले. लग्नकार्यातले दोन-चार फोटो आणखी आहेत. पण गवई म्हणून काढलेला हा एवढाच. जन्मभर गायलेल्या माणसाचा हाती उरलेला फोटो, आणि त्यात तोंड मिटलेले!

मालव्याला फोटोग्राफीचे वावडे होते असे मात्र नाही. राजा दीनदयाळ (१८४४–१९०५) ह्यांची सुरुवात इंदूरचीच. रुडकीला शिकून ते इंदूरच्या बांधकाम खात्यात नोकरीस लागले, दुसऱ्या तुकोजीराव होळकरांचे पाठबळ त्यांना मिळाले, आणि मध्य हिंदुस्थानातल्या वास्तूंची त्यांनी काढलेली छायाचित्रे पुढे विलायतेपर्यंत पोहोचली. त्यांच्या दोन हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. १९३० च्या सुमारास यशवंतराव होळकर आणि संयोगिताराजे ह्यांची छायाचित्रे तर फ्रान्समध्ये मॅन रे ह्या नामांकित कलावंताने काढली. तात्पर्य, कॅमेरा होता. पण तो ज्याच्या दारी जायचा त्याच्याच दारी गेला. गवयाच्या वाट्याला मागची रांग आली.

आता कॅमेरा आपल्या दारी आला आहे. तेव्हा प्रश्न उरतो तो एवढाच, की कोणता घ्यावा? गेले तीन महिने मी ह्याच विचारात होतो, आणि जे कळले ते वाचकांपुढे ठेवावे म्हणून हा लेख.

प्रथम 'बिनआरशाचा' म्हणजे काय ते सांगतो. जुन्या पद्धतीच्या मोठ्या कॅमेऱ्यात भिंगामागे एक तिरका आरसा असतो. त्याच्यामुळे भिंगातून येणारे दृश्य वर डोळ्यापर्यंत पोहोचते. बटण दाबले की आरसा वर उचलला जातो आणि 'खट्ट' असा आवाज होतो. भर मैफलीत, तबला थांबलेला असताना, आलापीच्या ऐन नाजूक जागी हा 'खट्ट' ज्यांनी ऐकला आहे त्यांना त्याची व्यथा सांगायला नको. नव्या जातीत हा आरसाच काढून टाकला आहे. भिंगातून आलेला प्रकाश थेट संवेदक पट्टीवर पडतो आणि दृश्य पडद्यावर दिसते. ह्या नव्या पिढीचा आरंभ २००८ मध्ये आलेल्या पॅनासॉनिकच्या लुमिक्स जी१ पासून धरतात. कॅमेरा त्यामुळे हलका झाला, आणि हवे तेव्हा अगदी मुका करता येऊ लागला.

नवशिक्याला परवडतील अशा कॅमेऱ्यांतून मी दोन निवडले. एक निकॉनचा झेड ३०, हा २०२२ मध्ये आला. दुसरा कॅननचा आर ५०, हा २०२३ चा. एक कॅमेरा माझ्या शिष्याच्या घरी होता, तो चार दिवस मागून आणला. दुसरा फ्रीगंजातल्या एका दुकानदाराने दुकानातच तासभर हाताळू दिला.

दोघांचे पुष्कळसे गुण सारखेच आहेत. संवेदक पट्टीचा आकार जवळजवळ एकच. कॅननचे चित्र २४ मेगापिक्सेलचे, निकॉनचे २१ चे. भिंतीवर लावण्याजोग्या मोठ्या फोटोतही हा फरक डोळ्यांना जाणवणार नाही. बॅटरी आणि कार्ड धरून कॅननचे वजन ३७५ ग्रॅम, निकॉनचे ४०५. दोघांचाही पडदा बाजूला उघडून हवा तसा फिरवता येतो. दोघांनाही बाहेरचा मायक्रोफोन जोडता येतो. पण उमटणारा आवाज कानांना लावून ऐकण्याची सोय दोघांतही नाही. हात हलला तर तो सावरण्याची युक्ती दोघांच्याही अंगात नाही. ती सोबत मिळणाऱ्या भिंगात आहे.

भेद कोठे आहे ते आता पाहू. पहिला भेद डोळ्याचा. कॅननला डोळा लावून पाहण्याची खिडकी, म्हणजे व्ह्यूफाइंडर, आहे. निकॉनला ती मुळीच नाही. श्रावणात महाकाळाची सवारी निघते तेव्हा, किंवा क्षिप्रेच्या घाटावर भर उन्हात, पडद्यावरचे दृश्य फिके दिसते आणि तेथे ही खिडकी उपयोगी पडते. शिवाय तिच्याजवळच्या चक्राने ती आपल्या नजरेला जुळवून घेता येते. माझ्यासारख्या चाळिशी लागलेल्या माणसाला ही मोठीच सोय. कॅननला वर उघडणारा छोटा फ्लॅशही आहे, निकॉनला तोही नाही. धावत्या नातवंडाच्या डोळ्यावर नेम धरून राहण्यातही कॅनन मला अधिक चपळ वाटला.

दुसरा भेद सोबतच्या भिंगाचा, आणि तो आमच्या जुन्या घरांच्या दृष्टीने महत्त्वाचा. निकॉनचे भिंग १६ ते ५० मिलिमीटरचे, कॅननचे १८ ते ४५ चे. म्हणजे निकॉनला जवळचे अधिक रुंद दिसते. आमचे माजघर दहा फूट रुंदीचे. भिंतीला पाठ टेकून उभे राहिले तरी कॅननमध्ये तानपुऱ्याचा भोपळा किंवा डोके, काहीतरी कापले जाणार. त्यातच रुंद टोकाला निकॉनचे छिद्र एफ/३.५ इतके उघडते आणि कॅननचे एफ/४.५. आकडे उलटे चालतात. लहान आकडा म्हणजे मोठे छिद्र. ह्या हिशेबाने निकॉनला दीडपटीहून थोडा अधिक प्रकाश मिळतो. संध्याकाळी एका दिव्याच्या उजेडात ही दीडपट भिकेची नव्हे.

तिसरा भेद दमसासाचा. सर्वांत बारीक तपशिलाची, ज्याला ४के म्हणतात ती, चलचित्रे दोन्ही कॅमेरे घेतात. त्या प्रकारात कॅनन एका बैठकीत तासापर्यंत चालतो, निकॉन ३५ मिनिटांपर्यंत. पण तपशील थोडा कमी, म्हणजे फुल एचडी, ठेवला तर कॅनन तासाशीच थांबतो आणि निकॉन १२५ मिनिटांपर्यंत जातो. अर्थात उन्हाळ्यात कॅमेरा तापला तर कोणताही आधीच आटोपता घेईल.

एक इशारा दोघांनाही लागू आहे. कॅमेरा मुका करून फोटो काढला तर संवेदक पट्टी चित्र एकदम न टिपता ओळीओळीने टिपते. त्यामुळे तबलजीची वेगाने चालणारी बोटे किंचित वाकडी येतात आणि काही एलईडी दिव्यांखाली चित्रात आडवे पट्टे उमटतात. मैफलीपूर्वी त्या दिव्यांखाली दोन फोटो काढून पाहावेत.

आता कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? खिशातल्या मोबाइलने हे सारे होत नाही का? घराबाहेर, उजेडात, बहुतेक होते. पण मी तो प्रयोग करून पाहिला आहे, आणि माझी गरज कोणती तेही त्यातूनच कळले.

माझ्या आईने नव्वदीकडे वाटचाल चालवली आहे. ती वडिलांची शिष्या म्हणून कधी बसली नाही. पण चाळीस वर्षे ती माजघरातून ऐकत होती, आणि वडिलांच्या कितीतरी बंदिशी आज केवळ तिच्यापाशी आहेत. मला त्यांतल्या निम्म्याही येत नाहीत. 'आई, गा' म्हटले तर ती गात नाही. दिवेलागणीनंतर, भाजी निवडताना, आपल्याच नादात ती गाते, आणि डाव्या हाताच्या बोटांवर मात्रा मोजते. त्या मोजण्यात वडिलांची लय आहे. मोबाइलमध्ये तो हात अंधारात पुसट आला, आणि मधेच फोन वाजला तेव्हा गाणे थांबले ते थांबलेच.

मागून आणलेला निकॉन मी एका संध्याकाळी तिकाटण्यावर ठेवला. चित्रण चालू झाले की त्याच्या पुढल्या अंगाला एक तांबडा दिवा लागतो. त्यावर काळी चिकटपट्टी लावली आणि शेजारच्या खोलीत वह्या तपासत बसलो. पाऊण तासाने आई तिलक कामोदातली एक बंदिश गाऊ लागली. स्थायी झाली. अंतऱ्याचा पहिला चरण झाला आणि ती अडली. पुन्हा पहिल्यापासून आली, पुन्हा तेथेच अडली. मग हातातली जुडी खाली ठेवून म्हणाली, "अरे, गणपतीत तर येत होता मला हा." गणपतीत, म्हणजे तीन महिन्यांपूर्वी, मी कॅमेऱ्यांचे आकडे वहीत मांडून ताडायला बसलो तेव्हा.

तो अंतरा अद्याप सापडलेला नाही.

तेव्हा वाचकांना निष्कर्ष सांगतो तो असा. ज्यांना प्रवास, सणवार, मुलेबाळे ह्यांचे फोटो मुख्यतः काढायचे आहेत त्यांनी कॅनन घ्यावा. खिडकी आणि चपळाई ह्यांचा त्यांना रोज उपयोग होईल. ज्यांना घराच्या अपुऱ्या उजेडात, एका जागी ठेवून, दीर्घ बैठकीचे चित्रण करायचे आहे त्यांना निकॉन बरा. पुढे सवड झाली की दोघांसाठीही एक ठरावीक अंतराचे मोठ्या छिद्राचे भिंग घ्यावे. एफ/१.८ चे भिंग एफ/६.३ च्या मानाने सुमारे १२ पट प्रकाश आत घेते. तेवढा फरक कोणताही नवा कॅमेरा घेऊन पडणार नाही.

आणि गाण्यासाठी कॅमेरा घेत असाल तर थोडे पैसे मायक्रोफोनसाठी अवश्य राखून ठेवा. कॅमेऱ्याच्या पोटातला मायक्रोफोन पंख्याची घरघरही टिपतो. शिवाय आवाजाची पातळी आपोआप ठेवली तर तो हळू स्वर फुगवतो आणि मोठा दाबतो. गवयाने जन्मभर कमावलेला लहान-मोठेपणा त्यात सपाट होतो. पातळी एकदा हाताने ठरवावी आणि मग तिला हात लावू नये.

शेवटचे सांगणे अनुभवाचे आहे. तुलना करावी, पण तिला आठ दिवसांची मुदत घालून द्यावी. ह्या दोन कॅमेऱ्यांतला फरक पुढच्या वर्षीही एवढाच राहील. घरातल्या वडीलधाऱ्यांचे तसे नसते. मी उद्या सकाळी फ्रीगंजात जाऊन निकॉन आणतो आहे. आईने कालच विचारले, "तो काळा डबा परत दिलास का रे? त्याच्यापुढे गाताना काही वाटत नव्हते." म्हणजे सारे तिला ठाऊक होते. चिकटपट्टी मी उगीचच लावली होती.