अंतराळयुद्धाचे खेळ आणि खेळणाऱ्यांची मते

अवकाशयान चालवत शत्रूच्या यानांशी लढण्याचा संगणकीय खेळ, म्हणजे अंतराळयुद्धाचा खेळ, हा व्हिडिओ गेमच्या सर्वांत जुन्या प्रकारांपैकी एक असून त्याच्या घडणीच्या प्रत्येक वळणावर निर्मात्यांइतकाच खेळणाऱ्यांच्या मतांचाही वाटा राहिला आहे. कादंबरी छापून झाली की तिचा मजकूर पक्का होतो, वाचकाला ती आवडो अथवा न आवडो. संगणकीय खेळ मात्र प्रकाशनानंतरही इंटरनेटवरून बदलता येतो, आणि म्हणून त्याच्याविषयी दिलेले मत हे केवळ रसग्रहण न राहता दुरुस्तीची सूचनाही ठरू शकते. नागपूरसारख्या शहरातला खेळाडू हे खेळ बहुधा मोबाइलवर आणि काही प्रमाणात संगणकावर खेळतो. त्याच्या मतात कोणती माहिती दडलेली असते, ती निर्मात्यापर्यंत का पोचत नाही आणि ती पोचणे का आवश्यक आहे, हे समजून घ्यायचे तर या खेळांच्या जन्मापासून सुरुवात करावी लागते.

१९६२ साली अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत स्टीव्ह रसेल आणि त्याच्या मित्रांनी पीडीपी-१ नावाच्या संगणकावर ‘स्पेसवॉर’ हा खेळ तयार केला. गोल पडद्यावर दोन याने फिरत, प्रत्येक खेळाडू एक यान चालवी आणि दुसऱ्यावर टॉर्पेडो सोडी. खऱ्या अस्त्रांत थोडा दोष असतोच, या विचाराने रसेलने आरंभी टॉर्पेडोच्या मार्गात किंचित अनियमितपणा ठेवला होता. परंतु नेम अचूक धरूनही अस्त्र भलतीकडे जाते हे खेळणाऱ्यांना रुचले नाही, आणि टॉर्पेडो सरळ जाणारे करण्यात आले. डॅन एडवर्ड्‌सने पडद्याच्या मध्यभागी गुरुत्वाकर्षण असलेला तारा आणला, त्यामुळे नुसत्या नेमबाजीच्या खेळात डावपेच शिरले. संगणकाच्या दर्शनी भागावरची बटणे दाबून दाबून खेळणाऱ्यांची कोपरे दुखू लागली, तेव्हा ॲलन कोटॉक आणि बॉब सॉन्डर्स यांनी हातात धरता येतील अशा स्वतंत्र नियंत्रण-पेट्या बनवल्या; आज प्रत्येक खेळाच्या यंत्रासोबत मिळणाऱ्या कंट्रोलरच्या आद्य पूर्वजांत त्यांची गणना होते. पीटर सॅमसनला पार्श्वभूमीवरचे मनाला येईल तसे विखुरलेले ठिपके खटकले, म्हणून त्याने खऱ्या आकाशाचा नकाशा पडद्यावर उतरवला. खगोलीय विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंना साडेबावीस अंशांपर्यंतचे, पाचव्या प्रतीपर्यंतच्या तेजाचे तारे त्यात होते. हा पट्टा नागपूरच्या अक्षांशावरून वर्षभरात संपूर्ण दिसतो, म्हणजे रोहिणी, मृग नक्षत्र आणि चित्रा हे इथल्या गच्चीवरून ओळखता येणारे तारे अंतराळयुद्धाच्या त्या पहिल्या पडद्यावरही होते.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. अस्त्राच्या अनियमितपणाची तक्रार न्यायाविषयी होती, कोपरांची तक्रार शरीराविषयी होती आणि ताऱ्यांची तक्रार कल्पनेतील जगाच्या खरेपणाविषयी होती. साठ वर्षांनंतरही अंतराळयुद्धाच्या खेळांवरील बहुसंख्य मते याच मुद्द्यांभोवती फिरतात. फरक इतकाच की त्या काळी खेळणारा आणि बनवणारा एकाच खोलीत बसत होते आणि मत देणाऱ्याचे दुखरे कोपर ऐकणाऱ्याला डोळ्यांनी दिसत होते.

खरेपणाविषयीचा वाद या प्रकारात सर्वांत खोल गेला आहे आणि तो भौतिकशास्त्राच्या मुळाशी पोचतो. अवकाशात हवा नसल्यामुळे एकदा गती मिळालेले यान इंजिन बंद केले तरी त्याच वेगाने, त्याच दिशेने जात राहते. नुसते नाक वळवल्याने त्याचा मार्ग वळत नाही, त्यासाठी नव्या दिशेने जोर लावावा लागतो. १९७९ च्या ‘ॲस्टरॉइड्स’ या अटारी कंपनीच्या खेळात यानाचे हे घसरत जाणे बऱ्याच अंशी उतरले होते. उलट डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल यांच्या १९८४ च्या ‘एलिट’मध्ये आणि क्रिस रॉबर्ट्‌सच्या १९९० च्या ‘विंग कमांडर’मध्ये याने जणू हवेत उडणाऱ्या विमानांसारखी वळत. १९९३ साली ब्रेबनने ‘फ्रंटियर’ या पुढच्या खेळात न्यूटनचे नियम पुरेपूर लागू केले, आणि खेळाडूंमध्ये उघड दुफळी पडली. ग्रहाभोवती कक्षेत शिरणे, वेग कमी करत उतरणे यांतला खरेपणा ज्यांना मोहवत होता त्यांनी खेळ डोक्यावर घेतला. लढाईची हौस असलेल्यांना मात्र दोन याने प्रचंड वेगाने एकमेकांजवळून निघून जातात, क्षणभर गोळीबार होतो आणि पुन्हा दीर्घकाळ वळण घेत बसावे लागते, हे कंटाळवाणे वाटले.

दोन्ही मते बरोबर होती. एक मत विश्वाविषयी होते आणि दुसरे खेळाविषयी, आणि अंतराळयुद्धाच्या खेळाला दोन्हींची गरज असते. जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथांवर वाढलेल्या मराठी वाचकाला हा प्रश्न परका नाही. कथेतले विज्ञान पक्के असावे आणि तरीही कथा कथाच राहावी, ही अपेक्षा त्याने अनेक दशके बाळगली आहे. २०१४ साली आलेल्या ‘एलिट डेंजरस’ने यावर काढलेला तोडगा या लेखकाच्या मते आजवरचा सर्वांत समंजस आहे: यानाचा संगणक घसरण आपोआप सावरतो, त्यामुळे नवखा खेळाडू विमानासारखे यान चालवू शकतो, पण हे साहाय्य एक बटण दाबून बंद करता येते, आणि मग सरावलेला चालक पुढे जात असतानाच यान मागे वळवून पाठलाग करणाऱ्यावर मारा करू शकतो. निर्वात अवकाशात आवाज ऐकू येत नाही या आक्षेपालाही त्या खेळाने उत्तर दिले आहे. चालकाला परिस्थिती कळावी म्हणून यानाचा संगणकच आवाज निर्माण करतो, असे त्यात मानलेले आहे.

इंटरनेटच्या काळात मतांची संख्या अफाट वाढली, पण त्यांचा आकार आक्रसला. संगणकावरील खेळ विकणाऱ्या ‘स्टीम’ या दुकानात खेळाडूला खेळाची शिफारस करायची की नाही, एवढाच कौल देता येतो. सोबत मजकूर लिहिता येतो आणि त्याने तो खेळ किती तास खेळला हेही दाखवले जाते. यातला तासांचा आकडा सर्वांत मोलाचा असतो, कारण दोन तासांनी दिलेला नकार आणि चारशे तासांनी दिलेला नकार यांचे अर्थ पूर्णपणे वेगळे असतात. पहिल्यात बहुधा अपेक्षाभंग असतो, दुसऱ्यात खेळाच्या खोल रचनेविषयीची नाराजी असते. २०१६ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या ‘हॅलो गेम्स’ने ‘नो मॅन्स स्काय’ प्रकाशित केला, तेव्हा गणिती सूत्रांतून निर्माण होणारे १८ वर १८ शून्ये इतके ग्रह त्यात असूनही, प्रकाशनापूर्वी बोलून दाखवलेल्या अनेक गोष्टी प्रत्यक्षात नाहीत म्हणून त्याच्यावर प्रतिकूल मतांचा वर्षाव झाला. कंपनीने वाद घालण्याऐवजी वर्षानुवर्षे मोफत सुधारणा दिल्या, २०१८ मध्ये खेळाडूंना एकत्र खेळण्याची खरी सोय केली, आणि २०२४ च्या अखेरीस त्याच दुकानातला एकूण कौल ‘अत्यंत अनुकूल’ या श्रेणीत पोचला.

खेळाडूंच्या मताला याहून अधिक अधिकृत स्थान आइसलँडमधील ‘ईव्ह ऑनलाइन’ या खेळात मिळाले. २००३ साली सुरू झालेल्या या खेळात हजारो माणसे एकाच काल्पनिक दीर्घिकेत व्यापार, राजकारण आणि युद्ध करतात, आणि २००८ पासून खेळाडूंनी मतदानाने निवडलेले एक प्रतिनिधिमंडळ हा खेळ बनवणाऱ्या कंपनीला सल्ला देत आले आहे. २०११ साली पात्रांच्या शोभेच्या वस्तू, त्यांत एक विशेष महाग एकनेत्री चष्मा, खऱ्या पैशांत मोजाव्यात अशा किमतींना विक्रीस आल्या, आणि उद्या शस्त्रेही अशीच विकली जातील या भीतीने खेळाडूंनी ‘जिता’ या खेळातील मुख्य बाजारपेठेत जमून तिथल्या स्मारकावर गोळीबार करत निषेध नोंदवला. कंपनीने प्रतिनिधींना आइसलँडला तातडीने बोलावले, लढाईत वरचढ ठरवणाऱ्या वस्तू अशा रीतीने विकणार नसल्याची ग्वाही दिली, आणि त्याच वर्षी कंपनीच्या प्रमुखाने जाहीर क्षमाही मागितली.

याच खेळात जानेवारी २०१४ मध्ये सुमारे २१ तास चाललेली एक प्रचंड लढाई झाली, जिच्यात ‘टायटन’ वर्गातली ७५ महाकाय याने नष्ट झाली. इतकी माणसे एका ठिकाणी लढू लागली की सर्व्हर, म्हणजे खेळ चालवणारा मध्यवर्ती संगणक, आज्ञा वेळेत हाताळू शकत नाही. अशा वेळी हा खेळ तिथला काळच मंद करतो, कधी कधी एक दशांश वेगापर्यंत. एक आज्ञा पार पडायला मिनिटे लागतात ही खेळाडूंची तक्रार खरीच आहे, पण कोणाची आज्ञा ऐकली जाईल आणि कोणाची गळेल याचा भरवसा नसण्यापेक्षा सगळ्यांचा काळ सारखाच मंदावणे अधिक न्याय्य, हे बहुतेकांनी पत्करले आहे.

आता नागपूरकडे वळले तर वरच्या साऱ्या चर्चेत न आलेला एक घटक इथे ठळकपणे समोर येतो, तो म्हणजे ऊन. मे महिन्यात या शहराचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि मोबाइलवरील खेळांविषयी इथून निघणारी ‘फोन तापून राहिला, गेम अटकून राहिला’ ही तक्रार नुसता त्रागा नसून तांत्रिक माहिती असते. ॲपल कंपनी आपले फोन सभोवतालचे तापमान ० ते ३५ अंश असताना वापरावेत असे सांगते. नागपुरात उन्हाळ्याची दुपार ही मर्यादा सहज ओलांडते. बहुतेक फोनमध्ये पंखा नसतो. प्रोसेसर, म्हणजे आकडेमोड करणारा मुख्य भाग, ठरावीक तापमानाच्या वर गेला की स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. सेकंदाला ६० चित्रे दाखवणारा खेळ मग ३० वर येतो, दोन चित्रांमधले अंतर सुमारे १७ मिलिसेकंदांवरून ३३ मिलिसेकंदांवर जाते, आणि वेगाने वळणाऱ्या यानावर धरलेला नेम चुकतो. अस्त्रे आणि स्फोटांच्या गर्दीत, म्हणजे नेमक्या निर्णायक लढाईत, हा भार सर्वाधिक असतो. वातानुकूलित कचेरीत चाचणी घेणाऱ्या निर्मात्याला हा दोष कधीच दिसणार नाही.

‘लॅग’, म्हणजे खेळ अडखळतो, या एकाच तक्रारीखाली दुसरेही एक कारण लपलेले असते, आणि ते अंतराचे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. नागपूर ते मुंबई हे सरळ अंतर सुमारे ७०० किलोमीटर असल्याने तिथल्या सर्व्हरकडे संदेश जाऊन उत्तर यायला किमान ७ मिलिसेकंद लागतात. तोच सर्व्हर सिंगापुरात असेल तर साडेतीन हजार किलोमीटरसाठी किमान ३५ मिलिसेकंद, आणि तारांची वळणे व मधली यंत्रे धरता प्रत्यक्षात त्याहून पुष्कळ अधिक. उन्हाने आलेला अडथळा खोली थंड असताना नाहीसा होतो, अंतराने आलेला होत नाही. मत देणाऱ्याने एवढा भेद जरी नोंदवला तरी दुरुस्ती करणाऱ्याचे अर्धे काम होते.

आपले मत निर्मात्यापर्यंत पोचवण्याची संधी महाराष्ट्रातल्या खेळाडूला आता घराजवळ मिळू लागली आहे. पुण्याच्या ‘सुपरगेमिंग’ या कंपनीने १६ ऑक्टोबर २०२४ रोजी ‘इंडस’ हा मोबाइलवरील खेळ प्रकाशित केला. तो यानांच्या लढाईचा खेळ नाही, पण विज्ञानकल्पनेतल्या विरलोक नावाच्या भूमीवर घडणारा, भारतीय वेशभूषा आणि वास्तुकलेतून भविष्यकाळ रेखाटणारा लढाईचा खेळ आहे, आणि शेवटपर्यंत जिवंत राहण्याच्या रूढ मार्गाखेरीज कॉस्मियम हे मौल्यवान द्रव्य ताब्यात घेऊनही त्यात विजय मिळवता येतो. प्रकाशनापूर्वी निवडक खेळाडूंच्या हाती देऊन त्याच्या चाचण्या घेण्यात आल्या होत्या. निर्माते पुण्यात असताना विदर्भातल्या खेळाडूने इंग्रजीतल्या दोन शब्दांत एक तारा देऊन मोकळे व्हावे, हे दोघांच्याही तोट्याचे आहे.

म्हणून नागपूरच्या आणि एकूणच मराठी खेळाडूंना आग्रहाची विनंती आहे की खेळ आवडला नाही तर तसे जरूर लिहावे, पण फोन कोणता, किती तास खेळून झाले, अडथळा भर दुपारी आला की रात्रीही येतो, आणि लढाईच्या कोणत्या क्षणी आला, हे त्यात आवर्जून नोंदवावे, आणि ते निःसंकोचपणे मराठीत लिहावे. निर्मात्यांनीही आपल्या चाचण्यांतली निदान एक तरी नागपुरात, मे महिन्यात, पंख्याखाली बसून घ्यावी.